घरी चांगली कॉफी करायची असेल, तर आधी काय घ्यावे?

वाफाळ

घरी चांगली कॉफी करायचे मनावर घेतलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न भांड्याचा किंवा यंत्राचा विचारतो. जाळीच्या दट्ट्याचा फ्रेंच प्रेस घ्यावा की शेगडीवर ठेवायचा मोका पॉट, कागदी फिल्टरचा शंकू म्हणजे व्ही-६० बरा की पिचकारीसारखा दाबायचा एरोप्रेस, आणि थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर थेट दाबाने दाट कॉफी काढणारे एस्प्रेसो मशीनच का घेऊ नये, अशी ती चर्चा चालते. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे आणि तो पहिला विचारला गेल्यामुळेच अनेक घरांत महागडी यंत्रे फडताळात पडून राहतात. कॉफीसाठी जी रक्कम बाजूला काढली असेल, तिचा मोठा वाटा बिया दळायच्या ग्राइंडरवर खर्च करावा, मग एक वजनकाटा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत जे साधे भांडे बसेल ते घ्यावे, असे मला ठामपणे वाटते.

कारण असे. भाजलेल्या बीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो आणि बाकीचा चोथा म्हणून मागे राहतो. पण विरघळू शकणारे सगळेच कपात यावे असे नसते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात लोकांची पसंती अभ्यासून जो आलेख मांडला, त्यात पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अर्क उतरलेली कॉफी सर्वांत समतोल ठरली आणि आजही तोच पट्टा प्रमाण मानला जातो. त्याच्या अलीकडे थांबलात तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, पलीकडे गेलात तर कडवट आणि तुरट.

आता पात्याच्या ग्राइंडरमध्ये काय होते ते पाहा. त्यात बिया दळल्या जात नाहीत, फुटतात. काही तुकडे मिरीच्या दाण्याएवढे राहतात आणि काहींची धूळ होते. धुळीतला अर्क काही क्षणांत उतरून जातो आणि पुढे ती कडवटपणाच सोडत राहते, तर जाड तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही. त्यामुळे एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही, आणि वेळ वाढवला तर एक दोष बळावतो, कमी केला तर दुसरा. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी भागांमधले अंतर ठरलेले असते आणि त्या फटीतून निसटण्याइतका लहान झाल्याशिवाय तुकडा खाली पडत नाही. धूळ त्यातही होतेच, पण पूड बरीचशी एकसारखी येते.

हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतलात, तर तेवढ्याच पैशांत विजेच्या ग्राइंडरपेक्षा चांगले दळण मिळते, कारण आपण मोटरचे पैसे देत नाही. घेताना दाते पोलादाचे आहेत का आणि मधला दांडा वर व खाली असा दोन्हीकडे बेअरिंगमध्ये बसवलेला आहे का, एवढे जरूर पाहावे. दांडा एकाच टोकाला धरलेला असेल, तर बारीक दळताना फरक जाणवत नाही, पण भरड दळू लागलात की तो डुगडुगतो आणि पूड पुन्हा विषम होते. चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून बोटाने हलकेच सरकवली, की मोठे खडे आणि मागे कागदाला चिकटून राहणारी धूळ दोन्ही वेगवेगळी दिसतात. त्यांचे प्रमाण पाहिले, की ग्राइंडरची परीक्षा झाली.

इतरांचे अनुभव आणि विशेषतः मतभेद वाचायला आवडतील.

शांतनदी

वाफाळ, आपण कारणांसह लिहिले आहे, म्हणून नेमका प्रश्न विचारते. आमच्याकडे सकाळी चौघांना एकाच वेळी कॉफी लागते आणि सर्वांना घराबाहेर पडायची घाई असते. हाताने चौघांपुरत्या बिया दळत बसणे शक्य नाही. अशा वेळी तयार दळलेली पूड घेतली तर सगळाच प्रयत्न वाया जातो का? आणि चौघांसाठी कोणते भांडे सोयीचे पडेल?

उत्तररात्र

शांतनदी, वाया मुळीच जात नाही, मात्र काय हातचे जाते ते माहीत असावे. दळल्याबरोबर बीचा कितीतरी अधिक पृष्ठभाग हवेला उघडा पडतो, सुगंधी द्रव्ये उडून जातात आणि तेलांचे ऑक्सिडीकरण सुरू होते. अखंड भाजलेल्या बिया नीट बंद करून ठेवल्या तर काही आठवडे चांगल्या राहतात, पुडीचा ताजेपणा मात्र काही दिवसांतच उतरतो. पूडच घ्यायची झाली, तर लहान पाकीट घ्यावे, भाजल्याची तारीख छापलेली असेल तेच निवडावे आणि दुकानात दळून मिळत असेल तर आपले भांडे कोणते ते सांगून त्या जाडीचे दळण मागावे. एस्प्रेसोसाठी दळलेली पूड फ्रेंच प्रेसमध्ये घातली, तर गाळ आणि कडवटपणा यांखेरीज हाती काही लागत नाही.

चौघांसाठी मी मोठा फ्रेंच प्रेसच सुचवेन. १९२९ साली आत्तिलियो कालिमानी आणि जुलिओ मोनेता या इटालियनांनी पेटंट घेतलेल्या रचनेत आजवर मूलभूत बदल करावा लागलेला नाही, इतकी ती साधी आहे. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड घ्यावी, गरम पाणी ओतून चार मिनिटे तसेच राहू द्यावे, मग वर आलेला जाड थर चमच्याने हलकेच मोडावा आणि तरंगणारा फेस काढून टाकावा. खरा फरक यापुढच्या पायरीत आहे. लगेच दट्ट्या दाबायची घाई न करता आणखी चार-पाच मिनिटे थांबावे. तेवढ्यात बारीक कण आपोआप तळाशी बसतात. दट्ट्याची जाळी पृष्ठभागापर्यंतच खाली आणावी आणि तिच्यातून सावकाश ओतून घ्यावे. दट्ट्या तळापर्यंत रेटला, की बसलेला गाळ पुन्हा ढवळून निघतो. सकाळच्या घाईत ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते, कारण त्या आठ-नऊ मिनिटांत तिच्याजवळ उभे राहावे लागत नाही.

क्षारपड

ग्राइंडरचे महत्त्व मान्य आहे, पण क्रमाबद्दल माझा वाद आहे. कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि ते पाणी कसे आहे याचा विचार ग्राइंडर निवडण्यापूर्वी व्हायला हवा. निदान त्याला पैसे तरी कमी लागतात.

पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अर्क उतरायला मदत करतात, तर बायकार्बोनेट कॉफीतील आम्ले मारून टाकते. बायकार्बोनेट फार असलेल्या पाण्यात उत्तम हलकी भाजलेली बी केली तरी तिचा फळांसारखा आंबटगोडपणा नाहीसा होतो आणि चव बसकी, खडूसारखी लागते. उलट बाजूला, पूर्ण क्षारमुक्त किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात आम्लांना अडवणारे काहीच नसल्यामुळे कॉफी टोचरी आणि पातळ वाटते. स्पेशॅलिटी कॉफी असोसिएशन या कॉफी व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रमाणानुसार पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ले मारण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास असावी. घरगुती शुद्धीकरण यंत्रावर जो एकूण विरघळलेल्या क्षारांचा आकडा दिसतो, तो यासाठी अपुरा आहे, कारण त्यातले बायकार्बोनेट किती हे त्यावरून कळत नाही. मत्स्यपेटीसाठी जे थेंब टाकून रंग पाहण्याचे संच मिळतात, त्यांत कठीणपणा आणि अल्कता या दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या असतात आणि त्या घरी सहज करता येतात.

पाणी फार जड निघाले, तर ते क्षारमुक्त पाण्यात मिसळून सौम्य करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. अर्धे-अर्धे घेऊन सुरुवात करावी आणि चवीप्रमाणे प्रमाण हलवावे.

वाफाळ

क्षारपड, आपला मुद्दा वजनदार आहे आणि पाणी फारच जड असेल तर क्रम बदलावा, हे मला मान्य आहे. मात्र बहुतेकांच्या घरी पाणी मध्यम प्रतीचे असते आणि तिथे दळणातला फरक पहिल्याच घोटाला कळतो. आपले पाणी कोणत्या गटात मोडते ते पाहायला एक सोपी परीक्षा आहे. बाटलीबंद, कमी क्षारांचे पाणी आणून त्याच बिया, तेच दळण आणि तेच वजन ठेवून एक कप करावा, शेजारी नळाच्या पाण्याचा कप ठेवावा आणि दोन्ही कोमट झाल्यावर चाखावेत. फार गरम असताना चवीतले बारकावे जिभेला समजत नाहीत.

पितळी घंटा

मी एस्प्रेसो मशीन घ्यायचे जवळजवळ नक्की केले होते आणि हा धागा वाचून थांबलो आहे. मला दाट, दूध घालूनही चव टिकून राहील अशी कॉफी आवडते. फ्रेंच प्रेस किंवा कागदी फिल्टरने ते जमणार नाही, असे वाटते. एस्प्रेसो मशीनच्या विरोधात नेमके काय म्हणणे आहे?

वाफाळ

पितळी घंटा, एस्प्रेसोच्या विरोधात माझे काहीच म्हणणे नाही. तिचा खर्च जिथे दिसतो तिथे संपत नाही, एवढेच सांगायचे आहे.

एस्प्रेसोत सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाबाने पाणी घट्ट बसवलेल्या पुडीतून ढकलले जाते. प्रचलित मोजमाप म्हणजे १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंद आणि कपात साधारण ३६ ग्रॅम कॉफी. इतक्या थोड्या वेळात अर्क उतरायचा तर दळण फार बारीक लागते आणि त्या बारीकपणात केसभर फरक पडला, तरी तेच पाणी १५ सेकंदांत धावून बाहेर येते किंवा एका मिनिटातही येत नाही. म्हणून ग्राइंडरचे समायोजन अत्यंत सूक्ष्म टप्प्यांनी करता आले पाहिजे. असा ग्राइंडर साध्या यंत्राच्या किमतीएवढा, कधी त्याहून महाग पडतो. विकणारे सहसा एवढेच सांगतात, की यंत्रासोबत दुहेरी तळाची जाळी येते आणि तयार पूडही चालते. त्या जाळीला एकच सूक्ष्म छिद्र असते आणि त्यातून फवारल्यामुळे वर फेस येतो. तो फेस डोळ्यांना क्रेमासारखा, म्हणजे चांगल्या एस्प्रेसोवर येणाऱ्या सोनेरी फेसासारखा दिसतो, पण पूड शिळी असली तरी येतो, त्यामुळे त्यावरून कॉफीबद्दल काहीच समजत नाही.

शिवाय अतिबारीक दळणाला स्वतःचा त्रास आहे. पाणी पुडीत एकसारखे न मुरता कमी अडथळ्याची वाट शोधते, तिथून चर पडतो, चराभोवतालची पूड करपल्यासारखी कडू होते आणि बाकीची कोरीच राहते. २०२० साली ‘मॅटर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गणिती प्रारूप आणि प्रत्यक्ष प्रयोग यांच्या आधारे असे दाखवले गेले, की ठरावीक मर्यादेपलीकडे बारीक दळल्यास अर्क वाढण्याऐवजी घटू लागतो आणि प्रत्येक कप वेगळा येतो. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय थोडे जाड दळून पूड कमी घेण्याचा आहे. म्हणजे एस्प्रेसोतही प्रश्न अखेर दळणापाशीच येऊन थांबतो.

रोज पूड मोजणे, पसरवणे, दाबणे, पहिले एक-दोन शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) टाकून देणे आणि यंत्र धुणे यांत ज्याला आनंद आहे, त्याने एस्प्रेसो मशीन जरूर घ्यावे. तो एक छंद आहे आणि उत्तम छंद आहे. फक्त दाट दुधाची कॉफी हवी असेल, तर मोका पॉट किंवा एरोप्रेस पुरेसा आहे.

अधिकमास

मोका पॉटचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण या भांड्यावर ‘कडू कॉफीचे भांडे’ असा शिक्का विनाकारण बसला आहे. १९३३ साली इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून ते प्रथम बाहेर आले. त्यातला दाब एस्प्रेसोच्या तुलनेत अगदी थोडा, साधारण एक ते दोन बार असतो, म्हणून त्याच्या कॉफीला एस्प्रेसो म्हणता येणार नाही, पण दुधाला पुरून उरेल इतकी ती दाट नक्कीच असते.

कडवटपणा येतो तो आचेमुळे. खालच्या भांड्यात गार पाणी घालून ते मोठ्या आचेवर ठेवले, की पाणी तापेपर्यंत मधली पूड कोरडीच भाजत राहते. त्याऐवजी आधीच तापवलेले पाणी झडपेच्या खालपर्यंत भरावे, पूड जाळीत सपाट भरावी पण दाबू नये, कडेला लागलेली पूड बोटाने पुसून घ्यावी म्हणजे रबरी चकती घट्ट बसेल, आणि भांडे फडक्यात धरून आवळावे, कारण खालचा भाग गरम असतो. आच मंद ठेवावी आणि झाकण उघडे. थोड्या वेळाने मधल्या नळीतून गडद, मधासारखी दाट धार संथपणे वर येऊन कडेने ओघळू लागते. ती हळूहळू फिकट, पिवळसर होत जाते आणि मग फुरफुर असा आवाज येतो. त्या आवाजाची वाट पाहू नये. धार फिकट होताच भांडे उतरवून त्याचा तळ गार पाण्याखाली धरावा. फुरफुरताना वर येते ती बहुतांशी वाफ आणि तिने ओढून आणलेला कडवटपणा असतो.

दोन गोष्टी घेण्यापूर्वी पाहाव्यात. मोका पॉट अर्धा भरून चालत नाही, तीन कपांचा असेल तर त्यात तीन कपच करावे लागतात, म्हणून माणसे मोजून आकार निवडावा. आणि ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शन शेगडीवर तापत नाही, तिथे त्यासाठी बनवलेला पोलादी तळाचाच लागतो.

शांतनदी

उत्तररात्र आणि अधिकमास, दोघांचेही आभार. आणखी दोन शंका आहेत. पाणी नेमके किती गरम असावे? आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढते असे ऐकले आहे, त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तररात्र

दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य असते आणि ते रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल वाढवते, हे पुरेसे सिद्ध झालेले आहे. धातूच्या जाळीतून ते सुटते, कागदी फिल्टर मात्र त्यातले जवळजवळ सगळे अडवून धरतो. घरात कोणाचे कोलेस्टेरॉल वाढलेले असेल, तर त्यांच्यासाठी कागदी फिल्टरची पद्धत घ्यावी आणि डॉक्टरांशीही बोलावे. १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद छिद्रे पाडलेल्या पितळी भांड्यात घालून पहिला कागदी फिल्टर केला, तो गाळ आणि कडवटपणा टाळण्यासाठी. हा आरोग्याचा लाभ नंतर उमगला.

वाफाळ

तापमानाबद्दल प्रचलित सल्ला ९० ते ९६ अंश सेल्सिअसचा आहे. मात्र त्यासाठी तापमान ठरवता येणारी महागडी किटली घ्यायलाच हवी, असे मला वाटत नाही. २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ८७, ९० आणि ९३ अंशांवर केलेली ड्रिप (फिल्टरमधून ठिबकणारी) कॉफी प्रशिक्षित चाखणाऱ्यांसमोर ठेवली. दाटपणा आणि उतरलेल्या अर्काचे प्रमाण सारखे राखले, तेव्हा तापमानाचा चवीवर फारसा परिणाम आढळला नाही. म्हणजे तापमान हे अर्क कमी-जास्त करायचे एक साधन आहे आणि तेच काम दळणाची जाडी व वेळही करतात. हलकी भाजलेली बी कठीण आणि घट्ट असते, तिला उकळी थांबताच पाणी घालावे. गडद भाजलेली बी सच्छिद्र असते, तिच्यासाठी किटलीचे झाकण उघडून दोनेक मिनिटे थांबले तरी पुरते.

किटलीवर पैसे घालायचेच असतील, तर ते बारीक, वळणदार चोचीसाठी घालावेत, तेही व्ही-६०सारखे शंकूच्या आकाराचे भांडे घेणार असाल तरच. त्या शंकूच्या भिंतींचा कोन ६० अंशांचा असतो, खाली एकच मोठे भोक असते आणि पाणी अडवणारे दुसरे काहीच नसते. पाणी किती वेळ टिकेल हे दळण आणि आपला हात हे दोनच ठरवतात. म्हणूनच नवख्यांना मी सपाट तळाचे भांडे सुचवतो, कारण त्यात ओतण्यातली चूक बरीच झाकली जाते.

कृती थोडक्यात अशी. १५ ग्रॅम पूड आणि २४० ग्रॅम पाणी घ्यावे. कागद आधी गरम पाण्याने धुऊन ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे कागदाचा वास जातो. पहिल्यांदा ४० ग्रॅमच्या आसपास पाणी ओतून पूड सगळीकडून भिजेल असे पाहावे आणि अर्धा-पाऊण मिनिट थांबावे. भाजताना बीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड या वेळी बुडबुड्यांनी बाहेर पडतो, पूड फुगून वर येते आणि मग बसते. तो वायू आत राहिला, तर तो पाण्याला बाहेर ढकलतो. पूड अजिबात फुगली नाही, तर बी शिळी आहे असे बहुतेक वेळा समजावे. उरलेले पाणी दोन-तीन हप्त्यांत ओतावे. एकूण वेळ अडीच ते साडेतीन मिनिटे लागावा आणि कपात सुमारे २१० ग्रॅम कॉफी यावी, कारण प्रत्येक ग्रॅम पूड साधारण दोन ग्रॅम पाणी धरून ठेवते.

कॉफी आंबट, पोकळ लागली तर पुढच्या वेळी बारीक दळावे, कडवट आणि तोंड कोरडे करणारी लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पूड व पाण्याचे वजन तेच ठेवावे. वजनकाट्याचा आग्रह यासाठीच आहे. चमच्याचे माप फसवे असते, कारण गडद भाजलेली बी फुगलेली आणि हलकी असते आणि तिचा एक चमचा फिकट बीच्या चमच्यापेक्षा वजनाला कमी भरतो.

पितळी घंटा

मी अधिकमास यांचा सल्ला मानून तीन कपांचा मोका पॉट आणि हाताचा ग्राइंडर घ्यायचे ठरवले आहे. एक व्यवहारातली अडचण विचारतो. मित्राकडच्या ग्राइंडरमध्ये दळताना पूड डब्याच्या भिंतींना चिकटते आणि झाकण उघडताच ओट्यावर उडते. याला काही उपाय आहे का?

अधिकमास

आहे आणि तो बिनखर्चाचा आहे. दळताना घर्षणाने स्थिर वीज निर्माण होते, त्यामुळे पूड चिकटते. बिया ग्राइंडरमध्ये घालण्यापूर्वी चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून, झटकून, त्या ओलसर दांड्याने बिया एकदा ढवळून घ्याव्यात. एक-दोन थेंबच पुरतात, बिया ओल्या दिसता कामा नयेत. ओलाव्याने स्थिर वीज कमी होते आणि पुडीच्या गुठळ्याही कमी होतात, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही दिसून आले आहे. दाते मात्र कधीही पाण्याने धुऊ नयेत. आठवड्यातून एकदा ग्राइंडर उघडून कोरड्या ब्रशने झाडावा, कारण त्यात साचलेल्या जुन्या पुडीचे तेल खवट होते आणि तो खवटपणा नव्या दळणात उतरतो. मोका पॉटसाठी दळण बारीक मिठापेक्षा किंचित जाड ठेवून सुरुवात करा. धार अडखळत, थुंकल्यासारखी आली तर एक टप्पा जाड करा आणि भसकन वर आली तर एक टप्पा बारीक.